राज्यसीमा आणि महाजाल : अमेरिकी घटकराज्यांच्या ग्राहक-संरक्षण कायद्यांचा इतिहास

अमेरिकेत ग्राहक-संरक्षणाचा कायदा मुख्यतः घटकराज्यांच्या हातून वाढला, ही गोष्ट भारतीय वाचकाला काहीशी अपरिचित वाटण्याजोगी आहे. भारतात १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा हे दोन्ही संसदेने केले आणि जिल्ह्यापासून राष्ट्रीय आयोगापर्यंतची सारी उतरंड एकाच अधिनियमातून उभी राहिली. अमेरिकेत मात्र फसव्या विक्रीविरुद्ध दाद मागू पाहणाऱ्या सामान्य खरेदीदाराला आजही प्रथम आपल्या राज्याच्या कायद्याकडे आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे पाहावे लागते. १९९० नंतरच्या दशकात इंटरनेट व्यापारी उपयोगात आले, तेव्हा ही जुनी व्यवस्था निकामी ठरेल असे अनेक विधिज्ञांना वाटले, कारण ज्या माध्यमाला भौगोलिक सीमाच नाहीत त्यावर सीमेच्या आत चालणारा कायदा कसा लागू करायचा, हा प्रश्न वरवर पाहता बिनतोड होता. पुढील तीस वर्षांत घडले ते जवळजवळ उलटे. आपला ग्राहक कोणत्या राज्यात बसला आहे हे विक्रेत्याला नेमके ओळखता येत नाही, किंवा ओळखता आले तरी पन्नास राज्यांसाठी पन्नास पद्धती चालवणे परवडत नाही, म्हणून सर्वांत कडक राज्याचा नियम तो सर्वांनाच लावतो. आणि ज्या सीमाहीनतेमुळे राज्यांचे कायदे मोडीत निघतील असे मानले गेले होते, तिनेच त्यांतील काही कायदे देशभर, प्रसंगी देशाबाहेरही, पोहोचवले.

या कायद्यांची मुळे इंटरनेटच्या बऱ्याच आधीची आहेत. १९११ मध्ये जाहिरात व्यवसायाच्या ‘प्रिंटर्स इंक’ या नियतकालिकाने खोट्या जाहिरातीला गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याचा एक नमुना प्रसिद्ध केला आणि बहुतेक राज्यांनी तो कमीअधिक फरकाने स्वीकारला. पण तो राबवण्याची जबाबदारी फौजदारी खटले चालवणाऱ्या सरकारी वकिलांवर पडत असल्याने आणि त्यांना खून-दरोड्यांपुढे टॉनिकच्या जाहिरातींत रस नसल्याने तो बहुतांशी कागदावरच राहिला. १९१४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे संघीय व्यापार आयोग, स्थापन केला, परंतु त्याचा हेतू व्यापाऱ्याचे व्यापाऱ्यापासून रक्षण करण्याचा होता. चरबी कमी करण्याच्या गोळ्या विकणाऱ्या रॅलडॅम या कंपनीविरुद्धच्या प्रकरणात १९३१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, जाहिरात फसवी असली तरी तिच्यामुळे प्रतिस्पर्ध्याचे नुकसान झाल्याचे दाखवता येत नसेल तर आयोगाला हस्तक्षेप करता येणार नाही. ही उणीव १९३८ च्या व्हीलर-ली दुरुस्तीने भरून काढली आणि ‘अनुचित किंवा फसवी कृत्ये व व्यवहार’ स्वतंत्रपणे बेकायदा ठरले. तरीही एक मोठी फट उरलीच, ती म्हणजे या कायद्याखाली फक्त आयोगच कारवाई करू शकत होता आणि फसवल्या गेलेल्या व्यक्तीला स्वतः न्यायालयात जाण्याचा मार्ग नव्हता.

ही फट राज्यांनी बुजवली. १९६० च्या दशकात संघीय आयोगाच्याच सहकार्याने राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार झाला; मॅसॅच्युसेट्सने १९६७ मध्ये, कॅलिफोर्नियाने १९७० मध्ये आणि टेक्ससने १९७३ मध्ये आपापले कायदे केले, आणि १९८० च्या सुमारास असा कायदा नसलेले राज्य जवळपास उरले नव्हते. कायद्याच्या व्यवहारात त्यांना संघीय कायद्याच्या ‘छोट्या आवृत्त्या’ म्हटले जाते, पण दोन बाबतींत त्या मूळ आवृत्तीपेक्षा थोर निघाल्या. पहिली बाब अशी की, बहुतेक राज्यांत ग्राहकाला स्वतः दावा लावता येऊ लागला, आणि अनेक ठिकाणी नुकसानीच्या दुप्पट-तिप्पट भरपाई व वकिलाची फी प्रतिवादीकडून वसूल करण्याची तरतूद असल्याने लहान रकमेचे दावे घेणे वकिलांनाही परवडू लागले. दुसरी बाब ॲटर्नी जनरल या पदाशी निगडित आहे. भारतातील महाधिवक्त्याप्रमाणे हा केवळ सरकारचा कायदेशीर सल्लागार नसतो; बहुतेक राज्यांत तो थेट मतदारांकडून निवडून येतो, स्वतःच्या अधिकारात दावे दाखल करतो आणि पुष्कळदा पुढे गव्हर्नरपदावर डोळा ठेवून असतो. ग्राहकांच्या बाजूने मोठ्या कंपनीशी भांडणे हे त्याच्या पदाचे काम आहे आणि त्याच्या राजकारणालाही ते सोयीचे आहे, ही वस्तुस्थिती या इतिहासात वारंवार निर्णायक ठरली.

इंटरनेटवरील व्यापाराशी या कायद्यांची गाठ प्रथम ज्या प्रकरणांत पडली, त्यांत मिनेसोटाचे प्रकरण विशेष बोलके आहे. नेव्हाडात नोंदलेल्या ग्रॅनिट गेट रिसॉर्ट्स या कंपनीने खेळांवर पैज लावण्याच्या, मध्य अमेरिकेतील बेलीझमधून चालणार असलेल्या एका सेवेची जाहिरात संकेतस्थळावर केली होती आणि असा जुगार कायदेशीर असल्याचे तीत सुचवले होते. मिनेसोटाचे ॲटर्नी जनरल ह्यूबर्ट हम्फ्री तिसरे यांनी १९९५ मध्ये तिच्याविरुद्ध दावा दाखल केला. दावा जुगाराच्या गुन्ह्याचा नव्हता, तर फसव्या जाहिरातीचा आणि ग्राहक-फसवणुकीचा होता. कंपनीचा बचाव असा की, आपण मिनेसोटात काहीच पाठवले नाही, माहिती नेव्हाडातील संगणकावर ठेवली, ती कोणी कुठून वाचली याला आपण जबाबदार नाही. या संकेतस्थळावरच्या अटींत मात्र एक मासलेवाईक कलम होते: ग्राहकाला कंपनीविरुद्ध तक्रार असेल तर त्याने बेलीझच्या न्यायालयात जावे, परंतु कंपनीला ग्राहकाकडून काही येणे असेल तर ती ग्राहकाच्या स्वतःच्या राज्यात दावा लावील. ज्या राज्यात आपण नाहीच असे कंपनी सांगत होती, त्या राज्याचे न्यायालय वसुलीसाठी तिला चालत होते. मिनेसोटाच्या अपील न्यायालयाने १९९७ मध्ये राज्याच्या बाजूने निर्णय दिला. जाहिरात साऱ्या देशाला उद्देशून असेल तर त्या देशात मिनेसोटाही येते, असा त्याचा आशय होता. पुढील वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीशांची मते समसमान पडली आणि त्यामुळे खालचा निर्णय कायम राहिला.

त्याच १९९७ मध्ये न्यूयॉर्कमधील संघीय न्यायालयाने मात्र नेमकी विरुद्ध दिशा दाखवली. अल्पवयीनांना हानिकारक मजकुरापासून वाचवण्यासाठी न्यूयॉर्क राज्याने केलेला कायदा न्यायाधीश लोरेटा प्रेस्का यांनी रोखला आणि त्यासाठी अमेरिकी राज्यघटनेतील वाणिज्य-कलमाचा आधार घेतला. या कलमाने आंतरराज्य व्यापाराचे नियमन काँग्रेसकडे सोपवले आहे आणि त्यातून न्यायालयांनी असा अर्थ काढला आहे की, काँग्रेस गप्प असली तरी एखाद्या राज्याने सगळ्या देशाच्या व्यापाराला अडथळा होईल असा कायदा करता कामा नये. एकोणिसाव्या शतकात रेल्वेबाबत जो धडा घेतला गेला तोच इंटरनेटला लागू आहे, प्रत्येक राज्य आपले वेगळे नियम लादू लागले तर हे माध्यम गुदमरेल, असे या निकालाचे सूत्र होते. १९९७ च्या अखेरीस, थोडक्यात, एकाच प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे कायद्याच्या पुस्तकांत नांदत होती.

हा पेच सुटू लागला तो कोणा मोठ्या उद्योगामुळे नव्हे, तर न मागता येणाऱ्या जाहिरातींच्या ई-मेलमुळे, ज्यांना तोवर जगभर ‘स्पॅम’ हे नाव रूढ झाले होते. नेव्हाडाने १९९७ मध्ये स्पॅमविषयी देशातील पहिला कायदा केला आणि १९९८ मध्ये वॉशिंग्टन राज्याने, म्हणजे राजधानी नव्हे तर पॅसिफिक किनाऱ्यावरील राज्याने, अधिक धारदार कायदा केला. त्याने जाहिरातीच्या ई-मेलवर बंदी घातली नाही. संदेश कोठून निघाला हे लपवणे किंवा विषयाच्या ओळीत खोटी अथवा दिशाभूल करणारी माहिती देणे, एवढ्या दोनच गोष्टी बेकायदा ठरवल्या आणि पत्ता वॉशिंग्टनच्या रहिवाशाचा आहे हे पाठवणाऱ्याला ठाऊक असेल किंवा ठाऊक असण्यास कारण असेल, तेव्हा त्या लागू केल्या. ‘ठाऊक असण्यास कारण’ हे शब्द पोकळ राहू नयेत म्हणून तेथील इंटरनेट सेवादात्यांच्या संघटनेने एक नोंदवही उघडली, जिच्यात रहिवाशांना आपले पत्ते नोंदवता येत.

शेजारच्या ओरेगन राज्यातील एक विक्रेता या कायद्याच्या तावडीत प्रथम सापडला. इंटरनेटवरून नफा कसा कमवावा हे सांगणारी ४६ पानांची पुस्तिका तो ३९.९५ डॉलरला विकत होता, त्यासाठी पत्ते गोळा करणारी संगणक-प्रणाली वापरून आठवड्याला १ लाख ते १० लाख संदेश पाठवत होता, आणि एवढ्या खटाटोपातून त्याच्या महिन्याला ३० ते ५० प्रती खपत होत्या. विषयाच्या ओळीत ‘हा पत्ता बरोबर आहे ना?’ अशा अर्थाचा प्रश्न असे, जेणेकरून वाचणाऱ्याला एखादा जुना परिचित आपल्याला शोधतो आहे असे वाटावे. या आकड्यांत स्पॅमचे सारे अर्थशास्त्र सामावले आहे, कारण टपालाने जाहिरात पाठवणाऱ्याला प्रत्येक पाकिटाचा खर्च सोसावा लागतो, तर येथे तो खर्च सेवादात्याच्या यंत्रणेवर आणि घेणाऱ्याच्या वेळेवर ढकलला जात होता. ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाने त्याला कायद्याची माहिती देणारे पत्र लिहिले, त्याने दूरध्वनीवरून त्याविषयी बोलणेही केले, आणि तरीही तक्रारी येत राहिल्या. ऑक्टोबर १९९८ मध्ये दावा दाखल झाला. खालच्या न्यायालयाने २००० मध्ये न्यूयॉर्कच्या धर्तीवर, आंतरराज्य व्यापाराला बाधा येते म्हणून, कायदाच घटनाबाह्य ठरवला; परंतु जून २००१ मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय एकमताने फिरवला आणि त्यासाठी दिलेले कारण पुढे अनेक निकालांना पुरले. हा कायदा विक्रेत्यावर फक्त खरे बोलण्याचे ओझे टाकतो, आणि खरे बोलण्याने व्यापाराला अडथळा होत नाही, उलट त्याला मदतच होते, असा तो युक्तिवाद होता. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात लक्ष घालण्यास नकार दिला.

राज्यांच्या या उत्साहाला काँग्रेसने लवकरच लगाम घातला. सप्टेंबर २००३ मध्ये कॅलिफोर्नियाने असा कायदा केला की, पूर्वसंमतीशिवाय कॅलिफोर्नियात जाहिरातीचा ई-मेल पाठवूच नये आणि पाठवल्यास प्रत्येक संदेशामागे १,००० डॉलर मोजावेत. तो १ जानेवारी २००४ पासून अमलात यायचा होता. जाहिरात व्यवसायाची तारांबळ उडाली आणि इतकी वर्षे स्पॅमविषयीची विधेयके चघळत बसलेल्या काँग्रेसने तीन महिन्यांच्या आत राष्ट्रीय कायदा संमत केला, जो त्याच १ जानेवारीला लागू झाला. त्याने पूर्वसंमतीची अट घातली नाही, ‘पुन्हा पाठवू नका’ असे कळवण्याची सोय पुरेशी मानली आणि राज्यांचे स्पॅमविषयक कायदे बाजूला सारले. याला कायद्याच्या परिभाषेत अधिक्रमण म्हणतात: संघीय आणि राज्याचा कायदा एकमेकांना छेदत असतील आणि काँग्रेसचा तसा हेतू असेल, तर राज्याचा कायदा तेवढ्यापुरता निष्प्रभ होतो. या अधिक्रमणातून एकच अपवाद ठेवला गेला, तो खोटेपणा व फसवणूक यांना मनाई करणाऱ्या तरतुदींचा. त्यामुळे महत्त्वाकांक्षी कॅलिफोर्नियाचा कायदा जन्मण्यापूर्वीच गतप्राण झाला, तर केवळ खरे बोलण्याची मागणी करणारा वॉशिंग्टनचा मर्यादित कायदा टिकून राहिला. राज्याच्या कायद्याने किती मागावे, याचा हा धडा पुढील काळात ज्यांनी ओळखला त्यांचेच कायदे तग धरून राहिले.

कॅलिफोर्नियाचे खरे कर्तृत्व दुसऱ्या बाजूने उजाडले, आणि त्याचे निमित्त सरकारच्या स्वतःच्या घरातले होते. एप्रिल २००२ मध्ये राज्याच्या टील डेटा सेंटर या संगणक केंद्रात कोणा अनोळखी व्यक्तीने शिरकाव केला आणि सुमारे २ लाख ६५ हजार राज्य-कर्मचाऱ्यांच्या वेतनविषयक नोंदी, सोशल सिक्युरिटी क्रमांकांसह, उघड्या पडल्या. हा क्रमांक अमेरिकेत बँकेपासून कर-विभागापर्यंत सर्वत्र व्यक्तीची ओळख म्हणून चालत असल्याने तो चोरीला जाणे म्हणजे त्या व्यक्तीच्या नावाने कर्ज उचलण्याची मुभा मिळणेच होय. शिरकाव उघडकीस यायला महिना गेला, आणि कर्मचाऱ्यांना कळवायला आणखी काही आठवडे. ज्यांची माहिती गेली त्यांत आमदारांना ओळखणारी, त्यांच्या कार्यालयांत काम करणारी माणसे होती, त्यामुळे एरवी समितीत रेंगाळणारा विषय त्याच अधिवेशनात मार्गी लागला. सिनेटर स्टीव्ह पीस आणि असेंब्लीचे सदस्य जो सिमिटियन यांनी पुढे नेलेला हा कायदा १ जुलै २००३ पासून लागू झाला. त्याची मागणी अगदी साधी होती: कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाची संगणकीय वैयक्तिक माहिती अनधिकृत हाती पडली तर, विनाकारण विलंब न लावता, त्या रहिवाशाला तसे कळवावे. सुरक्षा कशी ठेवावी याबद्दल त्यात फारसे काही नव्हते आणि दंडाची मोठी भाषाही नव्हती. कंपनीचे नाव चव्हाट्यावर येण्याची भीती पुरेल, असा त्यामागचा हिशेब होता.

तो हिशेब किती अचूक होता हे फेब्रुवारी २००५ मध्ये दिसले. जॉर्जिया राज्यातील चॉइसपॉइंट ही कंपनी कोट्यवधी अमेरिकनांची माहिती गोळा करून विमा कंपन्या, नोकऱ्या देणारे मालक आणि सरकारी खात्यांना विकत असे, आणि तिच्याविषयी सामान्य माणसाने बहुधा ऐकलेलेही नसे. भामट्यांनी छोट्या व्यवसायांचे सोंग घेऊन तिच्याकडे रीतसर खाती उघडली आणि माहिती विकत घेतली. कोणी कुलूप तोडले नव्हते, दुकानदारानेच चोराला माल मोजून दिला होता. कंपनीने कायद्याप्रमाणे सुमारे ३५ हजार लोकांना पत्रे पाठवली, पण ती फक्त कॅलिफोर्नियात, कारण तसा कायदा फक्त तेथेच होता. भामटे कॅलिफोर्नियापुरतेच थांबले असतील हे कोणालाही पटण्यासारखे नव्हते. इतर राज्यांच्या ॲटर्नी जनरलांनी एकत्र येऊन जाब विचारला तेव्हा देशभरातील बाधितांचा आकडा १ लाख ४५ हजारांवर गेला आणि सर्वांना पत्रे गेली. २००६ मध्ये संघीय आयोगाशी झालेल्या तडजोडीत कंपनीने १ कोटी डॉलर दंड आणि ५० लाख डॉलर ग्राहकांच्या भरपाईसाठी दिले. आपल्या राज्यातील माणसाला आपली माहिती चोरीला गेल्याचे शेजारच्या राज्याच्या कृपेने कळावे, हे कोणत्याच विधिमंडळाला मानवणारे नव्हते. पुढील काही वर्षांत एकामागून एक राज्यांनी कॅलिफोर्नियाचा कित्ता गिरवला आणि २०१८ मध्ये साउथ डकोटा व अलाबामा यांनी कायदे केल्यावर पन्नासही राज्ये पूर्ण झाली. काँग्रेसने मात्र या विषयावर सर्वांना लागू होणारा एकही कायदा अद्याप केलेला नाही. भारतात प्रत्येक बाधित व्यक्तीला कळवण्याचे सर्वसाधारण बंधन २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने घातले, म्हणजे कॅलिफोर्नियाचा नियम अमलात आल्यानंतर वीस वर्षांनी.

सिमिटियन यांच्याच दुसऱ्या एका कायद्याची खूण तर जगातील बहुतेक प्रत्येक संकेतस्थळावर, मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरही, तळाशी दिसते. १ जुलै २००४ पासून लागू झालेल्या या कायद्याने कॅलिफोर्नियातील ग्राहकांची वैयक्तिक माहिती गोळा करणाऱ्या प्रत्येक व्यापारी संकेतस्थळाला आपले गोपनीयता धोरण ठळकपणे प्रसिद्ध करणे भाग पाडले. देशातील अशा प्रकारचा तो पहिलाच कायदा होता. ‘ठळकपणे’ म्हणजे काय हेही त्याने मोजून दिले: दुव्यात ‘प्रायव्हसी’ हा शब्द असावा, तो आजूबाजूच्या मजकुराइतक्या किंवा मोठ्या आकाराच्या कॅपिटल अक्षरांत असावा, किंवा रंगाने व टंकाने उठून दिसावा. कॅलिफोर्नियातील एकही माणूस आपल्या संकेतस्थळावर येणार नाही याची हमी कोणालाच देता येत नसल्याने हा दुवा सर्वत्र आला. मोबाइल ॲपचा जमाना आल्यावर तेथील तत्कालीन ॲटर्नी जनरल कमला हॅरिस यांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये ॲपल, गुगल, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आदी कंपन्यांशी करार करून हाच नियम ॲपपर्यंत नेला. या यशाचे मोल मात्र जपूनच करावे लागते. कंपनीने माहितीचे काय करावे याबद्दल कायदा काहीच म्हणत नव्हता, जे करते ते सांगावे एवढेच म्हणत होता. परिणामी वकिलांनी वकिलांसाठी लिहिलेली, कोणी वाचत नाही अशी लांबलचक धोरणे जन्माला आली आणि त्यांत सारे काही करण्याची मोकळीक आगाऊ लिहून ठेवली गेली.

आपोआप नूतनीकरण होणाऱ्या वर्गणीचे नियम याहून अधिक ठोस निघाले, आणि त्यांचाही उगम छापील नियतकालिकांत आहे. वाचकाने एकदा वर्गणी भरली की मुदत संपल्यावर न विचारता पुढची रक्कम त्याच्या क्रेडिट कार्डावर टाकण्याची प्रथा रूढ झाली होती, आणि त्यावरून २००६ मध्ये टाइम इंक या प्रकाशन संस्थेला तेवीस राज्यांच्या ॲटर्नी जनरलांशी तडजोड करावी लागली. कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये केलेला आणि डिसेंबर २०१० पासून लागू झालेला कायदा या अनुभवातून आला. वर्गणी आपोआप चालू राहील ही अट संमतीच्या बटणाजवळच, नजरेत भरेल अशी लिहिलेली असावी, आणि रद्द करण्याचा मार्ग सोपा असावा, असे त्याने सांगितले; शिवाय संमतीवाचून असा माल पाठवल्यास तो ग्राहकाला मिळालेली बिनशर्त भेट समजावा, अशी एक खोचक तरतूदही त्यात आहे. पुढे चित्रपट, संगीत, व्यायामशाळा आणि संगणक-प्रणाली यांचा सारा व्यापार मासिक वर्गणीवर आला, तेव्हा या जुन्या कायद्याचे महत्त्व एकाएकी वाढले. जी सेवा दोन बटणांत सुरू होते ती बंद करायला कार्यालयीन वेळेत फोन करून, ‘थांबा, तुमच्यासाठी खास सवलत आहे’ असे सांगणाऱ्या कर्मचाऱ्याशी हुज्जत घालावी लागते, हा अनुभव सार्वत्रिक झाला होता. २०१८ पासून कॅलिफोर्नियाने असा नियम केला की ऑनलाइन घेतलेली सेवा ऑनलाइनच बंद करता आली पाहिजे.

कायदे वाढत असताना त्यांच्या अंमलबजावणीला सर्वांत मोठा तडाखा बसला तो एका अनपेक्षित दिशेने. कॅलिफोर्नियातील एका दांपत्याला ‘मोफत’ म्हणून दिलेल्या मोबाइल फोनवर ३०.२२ डॉलर विक्रीकर लावण्यात आला, आणि त्यांनी फसव्या जाहिरातीबद्दल समूह-दाव्याच्या मार्गाने दाद मागितली. समूह-दावा म्हणजे समान तक्रार असलेल्या असंख्य ग्राहकांच्या वतीने चालणारा एकच खटला. सेवेच्या करारात मात्र असे लिहिले होते की, तंटा लवादापुढेच, आणि तोही एकेकट्याने, न्यावा लागेल. अशी अट अन्यायकारक असल्याचे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ठरवलेले होते. एप्रिल २०११ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की, १९२५ च्या संघीय लवाद कायद्यापुढे राज्याचा हा नियम टिकत नाही. तीस डॉलरसाठी एकटा माणूस वकील लावत नाही, हे उघड आहे. त्यामुळे राज्यांचे ग्राहक-कायदे पुस्तकात शाबूत राहिले तरी ‘मला मान्य आहे’ या एका बटणाने खासगी दाव्यांची वाट बरीचशी बंद झाली. काही वर्षांनी वकिलांनी याला तोडीस तोड उत्तर शोधले आणि हजारो ग्राहकांचे स्वतंत्र लवाद-अर्ज एकाच वेळी दाखल करण्यास सुरुवात केली, ज्यांतील प्रत्येकाचे शुल्क कंपनीलाच भरावे लागे. असे सुमारे ७५ हजार अर्ज आल्यावर २०२१ मध्ये ॲमेझॉनने ग्राहक-करारातील लवादाची अट गुपचूप काढून टाकली.

माहितीच्या व्यापाराला थेट हात घालणारे कायदे या पार्श्वभूमीवर वाचावे लागतात. इलिनॉयने २००८ मध्येच बोटांचे ठसे व चेहऱ्याची ठेवण यांसारख्या जैविक खुणा लेखी संमतीवाचून घेण्यास मनाई केली होती, कारण दुकानांत ठशावर पैसे चुकते करण्याची सोय देणारी एक कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि ग्राहकांचे ठसे धनकोंच्या हाती जातील की काय अशी भीती निर्माण झाली. प्रत्येक उल्लंघनासाठी १,००० ते ५,००० डॉलरचा वैयक्तिक दावा त्यात होता. फेसबुकने छायाचित्रांतील चेहरे ओळखण्याच्या सोयीवरून या कायद्याखाली ६५ कोटी डॉलरची तडजोड केली. कॅलिफोर्नियात घडले ते याहून नाट्यमय होते. तेथील नागरिकांना सह्या गोळा करून कायदा थेट मतदानाला ठेवता येतो. रेल्वे कंपनीची राजकारणावरील पकड मोडण्यासाठी १९११ मध्ये आणलेला हा अधिकार एकशे सात वर्षांनी माहिती-कंपन्यांविरुद्ध वापरला गेला. ॲलिस्टर मॅकटॅगर्ट या बांधकाम व्यावसायिकाने २०१८ मध्ये सहा लाखांहून अधिक सह्या जमवल्या. मतदानाने संमत झालेला कायदा नंतर बदलणे विधिमंडळाला अतिशय कठीण जाते, म्हणून कंपन्यांनीही नाइलाजाने सौम्य पर्याय पत्करला. विधिमंडळाने साधारण आठवडाभरात विधेयक उरकले, आणि प्रस्ताव मागे घेण्याच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी, २८ जूनला, गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी त्यावर सही केली. आपली कोणती माहिती जमवली आहे हे विचारण्याचा, ती पुसायला लावण्याचा आणि तिची विक्री थांबवण्याचा हक्क त्याने १ जानेवारी २०२० पासून दिला. मायक्रोसॉफ्टने त्याआधीच जाहीर केले की, हे मूलभूत हक्क आपण सर्व अमेरिकी ग्राहकांना देऊ. व्हर्जिनियाने २०२१ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि त्यानंतर डझनभराहून अधिक राज्ये त्या मार्गाने गेली, परंतु त्यांतील बहुतेकांनी ग्राहकाला स्वतः दावा लावण्याचा हक्क नाकारून व्हर्जिनियाचा सौम्य साचा उचलला. उद्योगसमूहांनीही तोवर राज्यांच्या विधिमंडळांत जाऊन बसण्याचे महत्त्व ओळखले होते.

काँग्रेसपुढे २०२२ आणि २०२४ मध्ये आलेली राष्ट्रीय गोपनीयता विधेयके अधिक्रमणाच्याच प्रश्नावर अडकली. कॅलिफोर्नियाच्या लोकप्रतिनिधींना आपला कायदा वाया जाऊ द्यायचा नव्हता, आणि पन्नास नियमांना कंटाळलेल्या उद्योगांना तो वाया गेल्याशिवाय राष्ट्रीय कायद्यात रस नव्हता. २०२५ या एका वर्षात हा जुना झगडा तीन ठिकाणी एकदम दिसला. एप्रिलमध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने, ‘सवलतीचा शेवटचा दिवस’ अशा अर्थाच्या खोट्या विषय-ओळी पाठवल्याच्या आरोपावरून एका कपडे-विक्रेत्या कंपनीविरुद्ध चाललेल्या प्रकरणात, पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की, १९९८ चा स्पॅमविषयक कायदा विषयाच्या ओळीतील कोणत्याही खोट्या माहितीला लागू होतो. जुलैमध्ये संघीय आयोगाचा वर्गणी रद्द करणे सोपे करणारा देशव्यापी नियम, त्याची आर्थिक छाननी विहित पद्धतीने झाली नाही म्हणून, आठव्या मंडळाच्या संघीय अपील न्यायालयाने पूर्णपणे लागू होण्याच्या काही दिवस आधी रद्द केला, आणि ग्राहकांच्या हाती पुन्हा मुख्यतः राज्यांचेच नियम उरले. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला, राज्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी दहा वर्षे कायदे करण्यापासून रोखू पाहणारी तरतूद अर्थविषयक विधेयकातून वगळण्याचा प्रस्ताव सिनेटपुढे आला. मतभेदांनी दुभंगलेल्या त्या सभागृहात तो ९९ विरुद्ध १ मताने संमत झाला.